उडणारा माणूस आणि टाळ्या वाजवणारी गर्दी

यवतमाळला आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी आम्ही हजेरीचे रजिस्टर घेऊन बसतो. कारकुनाचे रजिस्टर सुटीच्या दिवशीही सुटत नाही, असे घरच्या मंडळींचे म्हणणे आहे. अशाच एका रविवारी दहावीतला एक मुलगा मोबाईलला नवे कव्हर लावून आला. कव्हरवर निळा पोशाख घातलेला, अमेरिकेचा झेंडा पाठीवर पांघरलेला, पिवळ्या केसांचा एक गोरा माणूस. "हा कोण रे बाबू?" आम्ही विचारले.

"होमलँडर, काकाजी! याच्या डोयातून लेझर निघते. याले कोनीच काही करू शकत नाही."

पोरगा हुशार आहे. आई जिनिंगमध्ये जाते, वडील हमालीला. २०२० साली टाळेबंदीत ऑनलाईन शाळेसाठी घरात एकुलता एक मोबाईल आला आणि तेव्हापासून तो पोराच्याच हातात आहे. त्याला लगेच उपदेश करणे आम्हास पटेना. जे स्वतः पाहिले नाही त्यावर बोलू नये, हा आमचा जुना नियम. म्हणून घरच्या मोबाईलवर, पोरेबाळे झोपल्यावर, आम्ही ती मालिका पाहायला घेतली.

नाव 'द बॉईज'. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांनी २००६ पासून काढलेल्या चित्रकथेवरून एरिक क्रिपकी यांनी ती तयार केली आणि अॅमेझॉनने २०१९ च्या जुलैत ती दाखवायला सुरुवात केली. हिंदीतही बोलते, त्यामुळे आपल्या पोरांना इंग्रजीची अडचण पडत नाही. गोष्ट अशी की अचाट शक्तीची काही माणसे आहेत, पण ती एका कंपनीच्या पगारावर आहेत. व्हॉट हे त्या कंपनीचे नाव. त्यांचे सिनेमे, खेळणी, जाहिराती सगळे कंपनी विकते. पडद्यावर ते लोकांचे तारणहार, पडद्यामागे खुनी आणि लंपट. सुरुवातीलाच त्यातला एक जण सुसाट धावताना रस्त्यात उभ्या असलेल्या एका मुलीच्या चिंधड्या उडवतो. तिच्या मित्रापुढे कंपनी ४५ हजार डॉलर आणि तोंड बंद ठेवण्याचा कागद ठेवते.

आधीच सांगतो, यातली मारकाट आम्हाला झेपली नाही. निम्मे प्रसंग आम्ही डोळे मिटूनच ऐकले. रक्त, शिव्या, अश्लीलता, कशाला धरबंद नाही. ही मालिका प्रौढांची आहे आणि दहावीच्या पोराच्या हाती ती पडू नये, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण तेवढे बोलून मोकळे होता येईना, कारण वस्तीत ती पाहणारे बरेच निघाले आणि प्रत्येकाचे मत निराळे.

नर्सिंगला असलेली एक ताई म्हणाली, "काका, मारामारी मी पुढे ढकलते. मला त्यातली कंपनीच महत्त्वाची वाटते. माणूस मेला की आधी कागदावर सही कशी घ्यायची, ते त्यात बरोबर दाखवलं आहे." ऑटो चालवणाऱ्या एका दादांचे मत उलट. दिवसभर प्रवाशांची कटकट ऐकल्यावर रात्री कुणीतरी कुणाला फोडताना पाहिले की डोके शांत होते, असे ते म्हणाले. आम्हास हे पटले नाही, पण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, हेही खरे.

सगळ्यात नेमके बोलल्या त्या शेजारच्या आजी. त्यांनी मालिका पाहिलेली नाही, आम्ही फक्त एक प्रसंग सांगितला. दुसऱ्या सीझनमध्ये (२०२०) स्टॉर्मफ्रंट नावाची बाई येते. हसरी, विनोदी, तरुणांची लाडकी. पुढे कळते की ती मूळची नाझी आहे आणि फार वर्षांपूर्वी निराळ्या नावाने वावरत असताना तिने एका काळ्या तरुणाला ठार मारले होते. कंपनीने त्याच्या घरच्यांना पैसे देऊन प्रकरण दाबले. आजींनी सुपारी कातरता कातरता विचारले, "मंग त्याच्या मायनं पैसे घेतले?" घरच्यांनी घेतले, असे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "घेन्याशिवाय इलाज नसते बाप्पा. पन पैसे देनारा अर्ध्या रातीच काऊन येते, ते दाखवलं का त्याच्यात?"

आमच्या पिढीला असा उडणारा माणूस नवा नाही. १९९७ च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर 'शक्तिमान' आला आणि २००५ पर्यंत चालला. वस्तीत टीव्ही मोजके, एक जण छपरावर अँटेना फिरवायला आणि वीस जण खाली ओरडायला. मुकेश खन्ना गरगर फिरत आले की सगळे गप्प. त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या तेव्हाही आल्या, ओरड झाली, आणि 'असे करू नका' असे शक्तिमानच मुलांना समजावू लागला. मात्र त्या शक्तिमानचे घरचे नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असे होते. जगाला वाचवणारा नेमका शास्त्रीच का, हे त्या वीस जणांतल्या एकालाही सुचले नाही. आम्हालाही नाही. आम्ही टाळ्या वाजवण्यात गुंग होतो.

'द बॉईज' मध्ये हीच गोम उघडी केली आहे. लोकांना सांगितलेले असते की या वीरांची शक्ती जन्मजात आहे, देवानेच त्यांना निवडले आहे. खरा प्रकार असा की कंपनीने तान्ह्या बाळांना एक औषध टोचलेले असते. जन्माने कोणीच मोठा नाही. मोठेपण बाटलीतून आले आणि पुढे त्याला देवाचे नाव चिकटवले. आपल्या वाचकांना यात नवे काय, असे वाटेल. पण हीच गोष्ट आपली पोरे एका परदेशी मालिकेत पाहतात आणि तरी त्या बाटलीतल्या माणसाचेच चित्र मोबाईलला लावतात, याचे आम्हास नवल वाटले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. होमलँडर हा खलनायक आहे, असे क्रिपकी यांनी वारंवार सांगितले, तरी अमेरिकेतही कित्येक प्रेक्षक त्यालाच नायक मानत होते. २०२४ साली चौथ्या सीझनमध्ये टीका अधिक उघड झाली, तेव्हा समीक्षकांनी वाखाणले आणि प्रेक्षकांच्या गुणांचा आकडा मात्र घसरला. आपलीच थट्टा चालली आहे हे काहींना तेव्हा कळले असावे. (कंपन्यांची थट्टा करणारी ही मालिका विकते जगातली एक सर्वांत बलाढ्य कंपनी. तिचे त्यात काहीच बिघडत नाही, हेही लक्षात ठेवावे.)

मग आम्ही त्या मुलाला जवळ बसवून तिसऱ्या सीझनचा (२०२२) शेवट विचारला. भर सभेत एक माणूस होमलँडरच्या मुलावर डबा फेकतो. होमलँडर डोळ्यांतल्या किरणांनी त्याला जागीच ठार करतो. क्षणभर सगळी गर्दी सुन्न होते आणि मग जल्लोष सुरू होतो.

"तुला काय वाटलं रे तेव्हा?"

"भारी वाटलं. त्याच्या पोराले डबा मारला, मंग सोडन काय तो?"

"आणि डबा फेकणाऱ्याच्या घरी पोरं असतील तर?"

तो हसला. म्हणाला, "ते कुठं दाखवलं हाय, काकाजी?"

उत्तर बरोबर होते. दाखवले नव्हते. मग आम्ही त्याला १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी केलेल्या भाषणाविषयी सांगितले. थोर माणसाविषयी आदर बाळगणे वेगळे आणि आपली बुद्धी गहाण ठेवून त्याच्या मागे जाणे वेगळे, हा फरक त्यांनी तिथे स्पष्ट केला आहे. मुलाने ऐकून घेतले. भाषण किती पानांचे आहे, एवढेच विचारले.

त्याच्या आईला मात्र या मालिकेत काय आहे याचा पत्ताच नव्हता. "इंग्रजी कार्टून असन," असे तिला वाटे. आयाबायांसाठी म्हणून सांगतो: २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे अशा कार्यक्रमांवर वयाची खूण लावावी लागते, आणि १३ वर्षांपुढच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय ठेवावी लागते. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात 'ए' हे अक्षर दिसले तर तो केवळ मोठ्यांसाठी आहे. कुलपाचा पिन घरातल्या बाईने ठेवावा. फक्त बाबासाहेबांच्या जयंतीची किंवा धर्मांतराची तारीख ठेवू नये, वस्तीतले कोणतेही पोर ती पहिल्याच फटक्यात ओळखते. चोरून उतरवलेल्या फाईलवर असले कुलूप चालत नाही, तिथे शेजारी बसून पाहणे आणि विचारणे एवढाच उपाय उरतो.

आईने पिन ठेवला आहे. रविवारी अठरा वर्षांवरच्या मुलामुलींना बोलावून या मालिकेवर बोलायचे ठरले आहे; नर्सिंगची ताई सुरुवात करील, ऑटोवाले दादाही येतो म्हणाले. दहावीवाल्याला प्रवेश नाही, म्हणून तो रागावला आहे. कव्हर अजून तेच आहे. नव्या कव्हराला दीडशे रुपये पडतात, असे त्याचे म्हणणे.