कोट्यवधी व्ह्यूंमागचा हिशेब

के-पॉपचा नवा व्हिडिओ आला की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते: चोवीस तासांत अमुक कोटी व्ह्यू. त्यावरचे शेरेही ठरलेले. ‘आकडे विकत घेतात’, ‘भाषा कळत नाही, पोरींना नुसते चेहरे आवडतात’, ‘त्यांचं सरकारच पैसा ओततं’. प्रत्येक शेऱ्यात चिमूटभर तथ्य आहे, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले.

गैरसमज : सगळं ‘गंगनम स्टाइल’पासून सुरू झालं

साय या गायकाचा हा व्हिडिओ 15 जुलै 2012 रोजी आला आणि 21 डिसेंबरला यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा गाठणारा जगातला पहिला व्हिडिओ ठरला. पण के-पॉप कंपन्यांच्या लेखी साय हा नमुना नव्हताच. चौतिशीचा, अंगाने भरलेला, सोलमधल्या श्रीमंत गंगनम भागातल्या मिरवामिरवीची टर उडवणारा माणूस. असा दुसरा साय कुणाला घडवता आला नाही.

कंपन्यांनी आपली वाट आधीच आखली होती. एसएम एंटरटेन्मेंटने बोआ या किशोरवयीन गायिकेला जपानी शिकवून 2001 मध्ये जपानात उतरवलं. पुढच्याच वर्षी तिचा अल्बम तिथल्या ओरिकॉन यादीत पहिला आला. 2009 मध्ये वंडर गर्ल्स या गटाचं ‘नोबडी’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत 76व्या क्रमांकावर पोचलं. दक्षिण कोरियाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटी, त्यामुळे बाहेर जाणं ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

भारतातही ही लाट बीटीएस या गटाने आणली असं मानणाऱ्यांनी मणिपूरकडे पाहावं. तिथे 2000 साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि केबलवरची मोकळी जागा आरिरांग या कोरियन वाहिनीने भरून काढली. मुंबई-पुण्यातली मुलं बीटीएसच्या सात जणांची नावं पाठ करू लागली, त्याच्या कितीतरी आधी इम्फाळमध्ये कोरियन पद्धतीने केस कापले जात होते.

गैरसमज : हा सगळा सरकारी पैशाचा खेळ आहे

1997 च्या आर्थिक संकटानंतर कोरियाने संस्कृतीला उद्योग मानलं, 1999 मध्ये त्यासाठी कायदा केला, हे खरं. पण मोठ्या कंपन्या भांडवल शेअरबाजारातून उभारतात. एसएम 2000 मध्ये तिथे उतरली, बीटीएसची बिग हिट 2020 मध्ये. माझ्या मते सरकारची सर्वांत मोठी मदत म्हणजे ते वाटेतून बाजूला झालं. गाण्यांची प्रकाशनपूर्व तपासणी 1996 मध्ये बंद झाली. त्याच्या आदल्याच वर्षी सो तेजी या गायकाला एका गाण्याचे शब्द बदलायला सांगण्यात आलं, तेव्हा त्याने शब्दच काढून टाकले आणि नुसतं संगीत प्रसिद्ध केलं. कडक सोवळं पुरतं गेलं असं मात्र नाही. 2013 मध्ये सायच्या ‘जंटलमन’वर केबीएस या सरकारी वाहिनीने बंदी घातली, कारण त्यात तो रस्त्यावरच्या वाहतुकीच्या शंकूला लाथ मारतो. सार्वजनिक मालमत्तेचा गैरवापर!

गैरसमज : भाषा कळत नाही, म्हणजे फक्त चेहरे बघतात

चेहरे बघतात, यात वाद नाही. पण एकच व्हिडिओ वीस वेळा का बघतात, याचं उत्तर नृत्यात आहे. प्रत्येक गाण्यात एक लहानशी, लगेच उचलता येईल अशी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते. तिला ते ‘पॉइंट’ म्हणतात, आपण हुकस्टेप म्हणू. सुपर ज्युनिअर या गटाच्या 2009 च्या ‘सॉरी सॉरी’मधलं तळहात चोळणं आठवा. मुख्य व्हिडिओत दृश्य सारखं बदलत असतं, त्यामुळे पूर्ण नाच नीट दिसत नाही. मग कंपनी काही दिवसांत तालमीचा व्हिडिओ टाकते: साधी खोली, एका जागी ठेवलेला कॅमेरा, पायापासून डोक्यापर्यंत दिसणारे सगळे. तो असतो शिकण्यासाठी. बघणारा नाचू लागला, त्याने स्वतःचा व्हिडिओ टाकला, की गाण्याची फुकट जाहिरात सुरू.

ज्यांना नाचायचं नाही त्यांच्यासाठी कोडी असतात. बीटीएसच्या 2016 च्या ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’मध्ये ब्रूगेलची चित्रं आहेत, हर्मान हेसेच्या ‘डेमियन’चे धागे आहेत. हे उलगडायला व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन पाहावा लागतो. शब्दांचं म्हणाल तर चाहतेच रातोरात अनेक भाषांत उपशीर्षकं तयार करतात.

आणि हे सगळं अस्सल कोरियनच असतं असंही नाही. एस.ई.एस. या गटाचं 1998 मधलं ‘ड्रीम्स कम ट्रू’ मुळात फिनलंडचं गाणं. गर्ल्स जनरेशनच्या ‘जीनी’ची चाल नॉर्वेच्या चमूची, नाच जपानच्या रिनो नाकासोनेचा. बीटीएसचं ‘डायनामाइट’ लिहिलं दोन ब्रिटिशांनी. कोरियाची आहे ती निवड, जुळवणी आणि वर्षानुवर्षांची कठोर तालीम.

गैरसमज : व्ह्यू विकत घेतलेले असतात

या आरोपाची सर्वांत गाजलेली घटना भारतातली आहे. जुलै 2019 मध्ये रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला पहिल्या चोवीस तासांत सुमारे साडेसात कोटी व्ह्यू मिळाले आणि बीटीएसचा विक्रम मोडल्याचा दावा झाला. गाण्यासाठी यूट्यूबवर जाहिराती विकत घेतल्या होत्या. ते तेव्हा नियमबाह्य नव्हतं, अनेक देशांतल्या कंपन्या तेच करत होत्या. यूट्यूबने हा विक्रम जाहीर केला नाही, आणि सप्टेंबरमध्ये नियमच बदलला: चोवीस तासांच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यू धरायचे नाहीत. या नव्या नियमानंतर बीटीएसच्या ‘डायनामाइट’ने ऑगस्ट 2020 मध्ये 10 कोटी 11 लाख आणि ‘बटर’ने मे 2021 मध्ये 10 कोटी 82 लाख व्ह्यू मिळवले.

म्हणजे आकडा खरा. पण दहा कोटी व्ह्यू म्हणजे दहा कोटी माणसं नव्हेत, आणि खरी गफलत इथेच होते. बीटीएसच्या चाहत्यांची ‘आर्मी’ नाव सार्थ करते. व्हिडिओ येण्याआधी सूचनापत्रकं फिरतात: आवाज बंद ठेवू नका, तोच व्हिडिओ आपोआप पुन्हा लावू नका, मधे दुसरे एक-दोन व्हिडिओ पाहा, नाहीतर यूट्यूब तुम्हाला यंत्र समजेल. ही फुकट आणि स्वखुशीने केलेली मजुरी आहे. कंपन्यांना ती पुरेपूर ठाऊक असते आणि हवीही असते.

अशा मजुरीची ताकद एक्झिड या गटाला विचारा. त्यांचं ‘अप अँड डाउन’ ऑगस्ट 2014 मध्ये आलं आणि आपटलं. ऑक्टोबरमध्ये एका चाहत्याने कार्यक्रमात गटातल्या फक्त हानीवर कॅमेरा रोखून नाच टिपला. तो व्हिडिओ इतका पसरला की विसरलेलं गाणं याद्यांत परत वर आलं आणि जानेवारी 2015 मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत पहिलं ठरलं. कंपनीचा महागडा व्हिडिओ जे करू शकला नाही, ते प्रेक्षकांतल्या एका कॅमेऱ्याने केलं.

तेव्हा चोवीस तासांचा विक्रम वाचलात तर त्यातून चाहत्यांची निष्ठा मोजा. गाणं खरंच किती लोकांपर्यंत गेलं हे पाहायचं असेल, तर सहा महिने थांबा आणि मग तोच आकडा पुन्हा उघडून बघा.