ट्रेडमिल डेस्क

ट्रेडमिल डेस्क हे उंच मेज आणि त्याखाली बसवलेला संथ गतीचा ट्रेडमिल यांचे मिळून बनलेले साधन आहे. त्यावर चालत असतानाच संगणकावरील कार्यालयीन काम करता येते. पट्ट्याचा वेग साधारणतः ताशी दीड ते तीन किलोमीटर ठेवला जातो. या गतीने सहसा धाप लागत नाही व टंकलेखनही करता येते. सलग बसून राहण्याचा काळ कमी करणे हा या साधनाचा मुख्य हेतू होय. मात्र उत्साहाने घेतलेला पट्टा काही महिन्यांत बंद पडून राहतो, हा त्याच्या वापरातील सर्वांत मोठा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

पायांनी फिरवायचे चक्र इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्युबिट याने १८१८ च्या सुमारास तुरुंगातील कैद्यांसाठी तयार केले. शिक्षेचे ते साधन पुढे स्वेच्छेने विकत घेण्याची वस्तू झाले, हा इतिहासातील विनोदच म्हणावा लागेल. बैठ्या कामाचे दुष्परिणाम प्रथम ठळकपणे मांडले ते जेरेमी मॉरिस यांनी. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो, असे त्यांनी १९५३ साली दाखवून दिले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हाइन यांनी व्यायामाव्यतिरिक्तच्या रोजच्या हालचालींत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा अभ्यास केला आणि ट्रेडमिल डेस्कचा पुरस्कार केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १५ स्थूल व्यक्ती होत्या. बसून काम करताना त्यांचा ऊर्जाव्यय ताशी सरासरी ७२ किलोकॅलरी होता, तर चालत काम करताना तो १९१ झाला.

सातत्याचा प्रश्न

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ कर्मचाऱ्यांना वर्षभर ट्रेडमिल डेस्क देण्यात आले. सहा महिन्यांनंतर त्यांचा निश्चल काळ दिवसाला सुमारे दीड तासाने घटला होता. वर्षाअखेरीस ही घट त्याच्या निम्म्याहूनही कमी राहिली. वजनातील सरासरी घट १.४ किलोग्रॅम होती. म्हणजे उपयोग झाला, पण नवलाई ओसरली. केवळ वजनकाट्याकडे पाहून चालणाऱ्याची निराशा होते, हेही या आकड्यावरून समजते.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपात आहे. २००९ मधील एका अभ्यासात चालताना टंकलेखन, माउसचा वापर व गणिती उदाहरणे यांतील कामगिरी ६ ते ११ टक्क्यांनी घसरली. वाचनाच्या आकलनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हिशेबाचे काम चालत करू पाहणारा चुकांना वैतागून पट्टा बंद करतो. म्हणून दूरध्वनी, ऑनलाइन बैठक, अहवालवाचन अशी कामे चालण्यासाठी राखून ठेवणे इष्ट ठरते. 'वेळ मिळेल तेव्हा चालेन' या संकल्पापेक्षा 'दहाची बैठक सुरू झाली की पट्टा सुरू' असा ठरावीक प्रसंगाला जोडलेला संकल्प अधिक पाळला जातो, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसते.

सवय २१ दिवसांत लागते ही समजूत फारशी विश्वसनीय नाही. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक ६६ दिवस होता आणि व्यक्तिपरत्वे तो काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. मोठा खंड मात्र घातक ठरतो. आवडती श्राव्य पुस्तके केवळ व्यायामशाळेतच ऐकण्याची मुभा देणाऱ्या एका अमेरिकी प्रयोगात उपस्थिती प्रथम वाढली, पण सणाच्या सुटीनंतर तो परिणाम ओसरला. आपल्याकडे गणेशोत्सव वा दिवाळीनंतर पट्टा पुन्हा सुरू करण्याचा दिवस आधीच ठरवून ठेवणे त्यामुळे उपयोगी ठरू शकते.

दहा हजार पावलांचे लोकप्रिय लक्ष्यही बिनचूक प्रमाण नव्हे. ते १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले. नवशिक्याने दिवसाला वीस-तीस मिनिटांपासून आरंभ करणे अधिक व्यवहार्य असते.

खारघरच्या संदर्भात

सिडकोने विकसित केलेला व २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत असलेला खारघर हा भाग हार्बर मार्गाने मुंबईशी जोडलेला आहे. लोकल पकडण्यासाठी रोज होणारे स्थानकापर्यंतचे चालणे, फलाटावरचे जिने, गाडीत उभे राहणे हा नोकरदाराचा नकळत घडणारा व्यायाम असतो. घरून काम करू लागताच तो थांबतो. चालण्यासाठी येथे सेंट्रल पार्कसारखे प्रशस्त उद्यान आहे, परंतु पांडवकडा धबधबा वाहू लागतो त्या पावसाळी महिन्यांत सकाळचा फेरफटका अनेकदा चुकतो. अशा वेळी घरातील पट्टा उपयोगी पडतो.

सदनिकेत तो वापरताना खालच्या मजल्यावर आवाज व कंप जाऊ नये म्हणून जाड रबरी चटई अंथरावी. पायांत बूट असावेत, आपत्कालीन थांब्याची दोरी कपड्याला अडकवलेली असावी आणि पट्टा पूर्ण थांबल्याशिवाय खाली उतरू नये. ट्रेडमिल परवडत नसल्यास फोनवर बोलताना घरातल्या घरात येरझारा घालणे हा बिनखर्ची पर्याय आहे. हृदयविकार, संधिवात किंवा तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.