क्वेबेकच्या उत्तरेचा कौल

क्वेबेकचा प्रश्न आपल्याकडे फ्रेंच आणि इंग्रजी यांचं भांडण म्हणून वाचला जातो. या भांडणातला तिसरा पक्ष नकाशाच्या वरच्या भागात, जेम्स उपसागराच्या पूर्वेला राहतो. 24 ऑक्टोबर 1995 रोजी तिथल्या क्री आदिवासींनी स्वतःचं सार्वमत घेतलं. क्वेबेक कॅनडातून बाहेर पडलं, तर आपण आणि आपल्या भूमीने त्याच्यासोबत जायचं का? मत देणाऱ्यांपैकी सुमारे 96 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं.

सहा दिवसांनी साऱ्या क्वेबेकने मतदान केलं. 93 टक्क्यांवर मतदार बाहेर पडले. सार्वभौमत्वाला 49.42 टक्के मतं मिळाली, विरोधात 50.58 टक्के गेली. अंतर अवघं 54,288 मतांचं होतं. त्या रात्री प्रांताचे पंतप्रधान जॅक पारिझो यांनी पराभवाचं खापर ‘पैसा आणि वांशिक मतं’ यांवर फोडलं आणि दुसऱ्याच दिवशी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

पारिझोंच्या त्या उद्गारांचं समर्थन होऊ शकत नाही, पण फ्रेंच भाषकांची मूळ तक्रार खोटी नव्हती. लोकसंख्येत ते सुमारे 80 टक्के. तरीही माँट्रियलमधल्या मोठ्या कंपन्यांचा कारभार इंग्रजीत चाले आणि वरच्या खुर्च्या इंग्रजी भाषकांकडे असत. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ठाऊक असलेल्या वाचकाला ही सल वेगळी समजावून सांगायला नको. 1962च्या निवडणुकीत प्रांताचे पंतप्रधान जाँ लसाज यांनी ‘आपल्या घरात आपणच मालक’ अशी घोषणा दिली, जिंकले, आणि खासगी वीजकंपन्या ताब्यात घेऊन सरकारी हायड्रो-क्वेबेक बलाढ्य केली. 1977च्या भाषा कायद्याने कचेऱ्यांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत फ्रेंचला तिचं स्थान मिळालं. हे सगळं संघराज्यात राहूनच झालं, हे विसरता कामा नये.

पण या घराची उत्तरेकडची जमीन आली कुठून? ती कॅनडाच्या केंद्र सरकारने 1898 आणि 1912 मध्ये प्रांताची हद्द वाढवून दिली. तिथे पिढ्यान् पिढ्या शिकार आणि मासेमारी करणाऱ्या क्री आणि इनुइट लोकांना कोणी विचारलं नाही. 1971 मध्ये प्रांताचे पंतप्रधान रोबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराला मिळणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला, तेव्हाही विचारलं नाही. क्री कोर्टात गेले. 1973 मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवडाभरातच वरच्या कोर्टाने तो स्थगित केला. तरी त्या खटल्याच्या धाकाने सरकार बोलणीला बसलं आणि 1975चा करार झाला. धरणं झालीच. फ्रेंच क्वेबेकच्या स्वाभिमानाची वीज क्री लोकांच्या शिकारीच्या रानांवर पाणी चढवून निर्माण झाली. मला हा या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग वाटतो, कारण इथे अन्याय करणारा पक्ष स्वतः अन्याय सोसलेला आहे.

1982 मध्ये कॅनडाची राज्यघटना ब्रिटिश संसदेकडून पूर्णपणे मायदेशी आली ती क्वेबेकच्या संमतीविना. तो घाव भरण्यासाठी 1987 मध्ये मीच लेक करार झाला. त्यात क्वेबेकला ‘वेगळा समाज’ म्हणून मान्यता होती. आदिवासींचा विचार नव्हता. जून 1990 मध्ये मॅनिटोबाच्या विधिमंडळात ओजी-क्री आमदार एलायजा हार्पर हातात गरुडाचं पीस घेऊन संमती नाकारत राहिले. सर्व प्रांतांच्या मंजुरीची मुदत टळली. न्यूफाउंडलंडनेही आधी दिलेली मंजुरी मागे घेतली होती. करार संपला, क्वेबेकमध्ये संतापाची लाट आली आणि तिथून वाट 1995च्या मतपेटीकडे गेली.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑगस्ट 1998 रोजी दिलेलं मत म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. क्वेबेकला एकतर्फी फुटण्याचा हक्क नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं, तर वाटाघाटी करणं उरलेल्या कॅनडाचं घटनात्मक कर्तव्य ठरेल. संघराज्य, लोकशाही, कायद्याचं राज्य आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण ही चार तत्त्वं न्यायालयाने एकत्र तोलली. आपल्या घटनेने बलवान केंद्राचा घाट कॅनडाकडून घेतला. पण भारतीय संघ घटकांच्या करारातून जन्मलेला नाही आणि कोणत्याही राज्याला फुटून निघता येणार नाही, हे डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत स्पष्ट केलं होतं. कॅनडाच्या न्यायालयाने दार बंद केलं नाही, पण त्यातून एकट्याने निघून जाण्याची मुभाही दिली नाही. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. किती टक्के म्हणजे ‘स्पष्ट’ बहुमत, हे मात्र न्यायालयाने राजकारणावर सोपवलं आणि 2000च्या केंद्रीय कायद्यानेही आकडा दिला नाही.

क्री मात्र आकड्याची वाट पाहत बसले नाहीत. फेब्रुवारी 2002 मध्ये क्वेबेकचे सार्वभौमत्ववादी पंतप्रधान बर्नार लाँद्री आणि क्रींचे प्रमुख टेड मोझेस यांनी 50 वर्षांचा करार केला. त्यात जंगल, खाणी आणि वीज यांच्या उत्पन्नाशी जोडलेला वाटा क्रींना मिळाला. त्यांनी नव्या धरणांना संमती दिली आणि जुने दावे मागे घेतले. करारात दोन्ही बाजूंना ‘राष्ट्र’ म्हटलं आहे. सार्वभौमत्वाचा पुरस्कार करणारी पार्टी क्वेबेक्वा आता आणखी एका सार्वमताचं आश्वासन देते आहे. ते झालंच, तर उत्तरेची मतं वेगळी मोजायची की दक्षिणेच्या लाखो मतांत मिसळून टाकायची, याचं उत्तर तिने मतदानाच्या आधी दिलं पाहिजे.