रुई तुमची, कापड तुमचे

उत्तर भारतात दिवाळी सरली की घरोघरच्या दुलया बाहेर निघतात. आठ-दहा हिवाळे अंगावर घेतलेल्या दुलईतील कापूस गोळा होऊन कोपऱ्यात बसलेला असतो. मध्ये नुसते कापडाला कापड लागलेले असते. गृहिणी ती उसवते, खोळ धुऊन वाळवते, कापसाला ऊन देते आणि सारे गाठोडे मोहल्ल्यातील धुनियाकडे पाठवते. तो कापूस पुन्हा पिंजतो, खोळीत भरतो. मग दोरा घालण्यासाठी दुलई एखाद्या बाईच्या घरी जाते. आठवड्याभराने जुनीच दुलई नव्या उबेसह परत येते. या साऱ्या व्यवहारात कापड गिऱ्हाइकाचे असते आणि रुईही गिऱ्हाइकाचीच. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत दळण टाकण्याची जी रीत आहे, तिच्याशी याचे नाते आहे. फरक इतकाच, की गिरणीत यंत्र दळते आणि दुलईत माणसाचा हात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. खोळ उलटी अंथरून तिच्यावर पिंजलेल्या कापसाचे थर हाताने लावावे लागतात. मग कापसासह ती गुंडाळीसारखी वळवत सुलटी केली जाते आणि बारीक काठीने झोडून आतला कापूस सर्वत्र सारखा केला जातो. यानंतरचा धावदोरा केवळ शोभेचा नसतो. कापूस जागच्या जागी राहणे सर्वस्वी त्या टाक्यांवर अवलंबून असते. टाके दूर पडले तर कापूस एका हिवाळ्यात घसरतो, आणि फार जवळ पडले तर दुलई पातळ होऊन ऊब धरत नाही. (हिंदीत ‘डोरे डालना’ या शब्दांना प्रेमाराधनेचाही अर्थ आहे, पण दुलईत डोरे घालणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला त्यातील फक्त पाठदुखी येते.)

जयपूरची पाव किलो रुईची रजई प्रवाशांना ठाऊक असते. मी ज्या बाईंविषयी लिहीत आहे, त्या त्याच शहरात जुन्या भागातील एका खोलीत राहतात. पण दुकानासाठी रजया शिवत नाहीत. शेजारपाजारच्या घरांतून येणाऱ्या दुलया पुऱ्या करून देणे हा त्यांचा व्यवसाय आहे. त्यांचे यजमान पूर्वी स्वतः पिंजत असत. आता ते गवंडीकाम करतात आणि पिंजण्यासाठी गाठोडे कोपऱ्यावरच्या विजेच्या यंत्रावर जाते. खोलीत एका वेळी दहा-बारा घरांच्या दुलया पडलेल्या असतात. कोणती कोणाची हे त्या कागदावर लिहीत नाहीत. प्रत्येक दुलईच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारलेली असते, तेवढ्यावर भागते. माझ्या दुलईची गाठ हिरवी होती.

२०२३ च्या शरद ऋतूत पंधरा दिवसांच्या अंतराने दोन याद्या देशासमोर आल्या. १७ सप्टेंबरला केंद्र सरकारने ‘पंतप्रधान विश्वकर्मा’ योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी १३ हजार कोटी रुपयांची तरतूद, अठरा पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज, अशी तिची रचना आहे. २ ऑक्टोबरला बिहार सरकारने जातनिहाय पाहणीचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांत ‘धुनिया’ या जातीची लोकसंख्या राज्याच्या सुमारे १.४ टक्के, म्हणजे अठरा लाखांहून अधिक नोंदलेली आहे. विश्वकर्माच्या अठरा व्यवसायांत मात्र धुनियाचे काम नाही, आणि दुलई भरणारी किंवा दोरा घालणारी बाईही नाही. जात म्हणून ज्यांची गणना इतक्या काटेकोरपणे झाली, त्यांचा व्यवसाय दुसऱ्या यादीत कोणाला आठवला नाही.

जातीचे नाव येथे व्यवसायाचेच नाव आहे, हे विशेष. धुनिया म्हणजे कापूस पिंजणारा. नद्दाफ हा त्याच अर्थाचा अरबी शब्द. गुजरातेतील पिंजारा, आपल्याकडचा पिंजारी, तेलुगू प्रदेशातील दुदेकुला, ही सारी नावे त्याच कामाकडे बोट दाखवतात. मन्सूरी हे नाव तर परंपरेने मन्सूर अल्-हल्लाजशी जोडले जाते. इ. स. ९२२ मध्ये बगदादला देहदंड झालेल्या त्या सूफीच्या नावातील ‘हल्लाज’चा अर्थही पिंजारीच. पिंजण्याची धनुकली तुर्कांच्या आगमनानंतर भारतात रुळली, अशी मांडणी इरफान हबीब यांनी केली होती. विजया रामस्वामी यांनी दक्षिणेतील पुराव्यांच्या आधारे त्यावर आक्षेप घेतला. तो वाद कसाही सुटो, मध्ययुगापासून हा कारागीर गावगाड्यात होता यात शंका नाही. सोळाव्या शतकातील संत दादू दयाळ यांना परंपरा धुनियाच मानते आणि त्यांच्या पंथाचे पीठ असलेले नरैना जयपूरपासून फार दूर नाही. विल्यम वायझर यांनी १९३६ साली जजमानी पद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील उत्तर प्रदेशातील खेड्यातही सुतार, न्हावी, धोबी यांच्या बरोबरीने कापूस पिंजणारा नोंदलेला आहे.

गांधीजींना पिंजाऱ्याची किंमत फार लवकर कळली होती. चरखा मिळाला, पण पेळू कोठून आणायचे, हा प्रश्न आश्रमापुढे उभा राहिला, तेव्हा गंगाबेनने एक पिंजारी शोधून काढला. त्याने महिन्याला पस्तीस रुपये मागितले, आणि त्या वेळी आपल्याला कोणतीही किंमत जास्त वाटत नव्हती, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे खादीच्या चळवळीत चरखा ध्वजापर्यंत पोहोचला. धनुकली मागेच राहिली.

आता कायद्याकडे वळू. माल दुसऱ्याचा आणि काम आपले, अशा व्यवहाराला व्यापारी भाषेत जॉबवर्क म्हणतात. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यातील व्याख्येनुसार मात्र जॉबवर्क म्हणजे ‘दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या’ मालावर केलेली प्रक्रिया. निर्यातदाराच्या कापडावर टाके घालणारी बाई या व्याख्येत बसते. शेजारणीच्या दुलईवर टाके घालणारी बसत नाही. तिची उलाढाल कराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असल्याने तिला याची झळ लागत नाही, हे खरे. पण राज्यसंस्थेची नजर कोठे पडते आणि कोठे पडत नाही, हे अशा व्याख्यांतूनच कळते.

श्रमकायद्यांची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. घरी बसून काम करणाऱ्यांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आणि दिली असती तरी त्यातील गृहश्रमिक हा कोणा मालकासाठी काम करणारा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील गृहाधारित कामगाराची व्याख्याही मालक गृहीत धरते. जयपूरच्या या बाईंना मालक नाही, गिऱ्हाइके आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी उरतो तो ‘स्वयंरोजगारित’ हा रकाना. तो इतका प्रशस्त आहे, की त्यात बसल्यावर माणूस नेमके काय करतो हे कोणालाच कळत नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. सूतगिरणीत तो झाला तर कळवणे त्यानुसार बंधनकारक ठरत असे. पिंजाऱ्याचे दुकान कारखाना नसल्याने त्याच्या खोकल्याची नोंद कोठेच होत नाही.

या न दिसण्यात माझाही वाटा आहे. सेवेत असताना उत्तरेकडील एका जिल्ह्यात कारागीर ओळखपत्रांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. त्यांत दुलई भरणाऱ्या काही स्त्रियांचे अर्ज होते. नमुन्यात ‘निर्मित वस्तू’ असा एक रकाना होता आणि ‘वार्षिक विक्री’ असा दुसरा. दोन्ही रिकामे होते, कारण त्या स्त्रिया काहीच विकत नव्हत्या. लोकांच्या वस्तू पूर्ण करून देत होत्या. मी नियमाप्रमाणे ‘अपूर्ण’ असा शेरा मारून ते परत पाठवले. एकही अर्ज पुन्हा आला नाही. तो नमुना चुकीचा होता हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, आणि इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात जजमानी पद्धत शिकलेल्या माणसाच्या ते लक्षात यायला हवे होते.

हेच काम दुसरीकडे कसे पाहिले जाते, याचे एक उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे असंख्य स्त्रिया हौसेने तुकडे जोडून गोधडीचा वरचा पदर तयार करतात. तिन्ही थर एकत्र शिवण्याचे अवघड काम मात्र स्वतः करत नाहीत. ते ‘लाँगआर्म’ यंत्र बाळगणाऱ्या व्यावसायिक शिवणारणीकडे जाते. दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर गोधडी ताणलेली असते आणि लांब बाहूचे शिलाई यंत्र रुळांवरून तिच्यावर फिरवले जाते. १९८० च्या दशकापासून ही यंत्रे तेथील घरांतून पसरली. शिलाईचा दर चौरस इंचावर असतो. साध्या नक्षीला इंचाला अडीच सेंट धरले, तरी साठ बाय ऐंशी इंचांच्या गोधडीला १२० डॉलर होतात. मला दरापेक्षा महत्त्वाची वाटते ती तेथील दुसरी प्रथा. अनेक प्रदर्शनांत गोधडीखालच्या पाटीवर दोन नावे असतात: तुकडे कोणी जोडले आणि शिवले कोणी. कापड दुसऱ्याचे असले म्हणून टाके घालणारीचे श्रेय बुडत नाही.

आपल्याकडे टाक्यांचा सन्मान झालाच नाही, असे नव्हे. बिहारची सुजनी आणि बंगालचा नक्षी काथा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो सन्मान वस्तूला आहे. विकायला मांडलेल्या वस्तूला. उत्तर कर्नाटकात जुनी लुगडी घेऊन कौदी शिवून देणाऱ्या स्त्रिया आहेत. हल्याळ-यल्लापूर परिसरातील सिद्दी स्त्रिया कडेपासून आत येत कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी ‘फुले’ लावतात. महाराष्ट्रातील शहरांत पदपथावर बसून गिऱ्हाइकाच्या साड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायका कोणी पाहिलेल्या नाहीत? त्यांच्यापैकी एखादीची गोधडी दालनात पोहोचली की ती कला होते. उरलेल्या साऱ्या घरच्या घरी वापरल्या जातात, आणि त्यांबरोबर ते कामही घरचेच ठरते.

विश्वकर्मा योजनेच्या बाजूने असे सांगता येईल, की कोठेतरी रेघ ओढावी लागते. मान्य. पण ती रेघ ‘वस्तू निर्माण करणारे’ आणि ‘सेवा देणारे’ यांच्यामध्ये ओढलेली नाही. अठरांत धोबी आहे, न्हावी आहे, चांभार आहे. धोब्याचेही काम गिऱ्हाइकाच्याच कापडावर असते. म्हणजे तत्त्व सरकारने आधीच स्वीकारले आहे. हा व्यवसाय मरू घातला आहे, असा दुसरा आक्षेप येईल. पण त्याच यादीत अस्त्रकार आणि कुलूप बनवणाराही आहे. उलट दरसाल तोच कापूस नव्याने वापरात आणणारा हा व्यवसाय, टाकाऊ वस्त्रांच्या पुनर्वापराविषयी इतके बोलले जाणाऱ्या काळात, आपोआप पुढे यायला हवा होता. तेव्हा पिंजणे, भरणे आणि दोरा घालणे यांना मिळून एकोणिसावा व्यवसाय म्हणून यादीत घ्यावे, अशी माझी सूचना आहे. अवजारांच्या रकमेत धूळ रोखणारा मुखपट्टा आणि कामाच्या जागी पंखा बसवण्याची सोय असावी. नोंदणीच्या नमुन्यात ‘काय विकता’ याऐवजी ‘काय करून देता’ असा प्रश्न असावा.

एवढ्याने हा व्यवसाय तरेल, असे मी म्हणणार नाही. कृत्रिम धाग्याची तयार दुलई हलकी असते, ती उसवावी लागत नाही, आणि बाजारातील दुकान तिने भरलेले असते. तरुण मुले पिंजायला बसत नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही नाही. पण व्यवसाय मावळत असतानाच त्यातील स्त्रीला सर्वाधिक आधार लागतो, कारण पुरुष दुसऱ्या कामाला निघून जातो आणि मागे राहिलेले काम तिच्या एकटीच्या अंगावर येते.

गेल्या हिवाळ्यात दुलई आणायला गेलो, तेव्हा मी त्या बाईंना विश्वकर्मा योजनेविषयी सांगितले. तुमचा व्यवसाय यादीत नाही, पण ‘शिंपी’ या नावाखाली अर्ज करता येईल, असा सल्लाही उत्साहाने दिला. त्यांनी सुईतून नजर न काढता विचारले, की एका घरातून किती जणांना अर्ज करता येतो. एकालाच, मी म्हणालो. नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात. मग राहू द्या, त्या म्हणाल्या. यजमानांनी गवंडी म्हणून आधीच नाव लावले होते. त्यांनी ढिगातून हिरवी गाठ शोधली, दाताने तोडली आणि दुलई घडी करून माझ्या हातात दिली.