एसींतील गॅस जातो कोठें?

मुरगुडांत घरांत थंड हवेचें यंत्र बसवावें लागेल, असें आमच्या वडिलांच्या पिढींत कोणी म्हटलें असतें, तर तें हंसण्यावारी गेलें असतें. एकीकडे वेदगंगा, दुसरीकडे सर पिराजीराव तलाव, सभोंवार उंसाचे मळे; वैशाखाची दुपार कितीहि तापली तरी रात्रीं अंगणांत बाज टाकली कीं झोंप लागत असे. आतां अंगणें आखडलीं, कौलांच्या जागीं सिमेंटचे स्लॅब आले, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलींत ऊब सोडीत राहूं लागला. आमच्या थोरल्या काकांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला, तेव्हां २०११ सालीं त्यांच्या माडीवरच्या खोलींत एक एसी बसविला. घरांत औषधाची बाटली ठेवावी त्याच बुद्धीनें तो आणला होता.

पहिलीं दहा वर्षें त्याची कांहींच तक्रार नव्हती. २०२२ च्या चैत्रांत हवा गार येईनाशी झाली. एसी दुरुस्त करणारा आला, "गॅस संपलाय" म्हणाला, आणि गॅस भरून अडीच हजार रुपये घेऊन गेला. २०२३ च्या चैत्रांत पुन्हां तोच प्रकार. या वेळीं तीन हजार दोनशें. २०२४ च्या वैशाखांत, ऐन उकाड्यांत, यंत्रानें तिसऱ्यांदां हात टेकले. तेव्हां तो म्हणाला, "काका, तुमच्या मशीनचा गॅस आतां कोल्हापुरांतहि चटकन मिळत नाहीं. मिळाला तर पांच हजार होतील. नाहींतर दुसरा गॅस घालून देतों, कोणाला कांहीं कळत नाहीं."

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, हें आम्हांस समजत होतें. परंतु "कोणाला कांहीं कळत नाहीं" हे शब्द मनाला बोंचले. ज्या खोलींत काकांचा श्वास चालायचा तेथें काय भरलें जाणार, हें घरांतल्या कोणासच कळूं नये, ही गोष्ट बरी नव्हे. आम्हीं त्यास थांबविलें. काकांचें अंथरूण दोन-तीन दिवसांसाठीं खालीं माजघरांत आणलें, दाराला वाळ्याचा ओला पडदा लावला, आणि हा गॅस म्हणजे काय, तो दुर्मिळ कां झाला व मुळांत तो जातो कोठें, याचा शोध घेण्यास बसलों. जें उमगलें तें इतर कुटुंबांच्याहि उपयोगी पडेल, म्हणून येथें मांडीत आहों.

माठांतील पाणी गार कां होतें, हें आपण लहान मुलांस नेहमीं सांगतों. मातींतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होतांना ती माठांतील उष्णता घेऊन जाते. एसींतहि तत्त्व तेंच आहे. खोलींतील नळींत एक द्रव उकळून वायु होतो व खोलींतील उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या पेटींत काँप्रेसर त्या वायूला दाबतो, तेव्हां ती उष्णता बाहेर टाकून तो पुन्हां द्रव होतो. आमच्या यंत्रांतील गॅसचें नांव आर-२२. साध्या हवेच्या दाबाखालीं तो उणे ४१ अंशांच्या सुमारास उकळतो, म्हणूनच तो या कामीं येतो. माठ आणि एसी यांत एक मोठा भेद मात्र आहे. माठांतलें पाणी हवेंत उडून जातें, म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसींतील गॅस तांब्याच्या बंद नळींत फिरतो. तो झिजत नाहीं, जळत नाहीं, आटत नाहीं. मोटारींतील पेट्रोलप्रमाणें तो "संपणारा" पदार्थच नव्हे. तो कमी झाला याचा अर्थ एकच : नळीला कोठें तरी गळती आहे. जो माणूस गळती न शोधतां गॅस भरतो, तो फुटक्या घागरींत पाणी ओतून घागरीचे नव्हे तर पाण्याचे पैसे घेतो. आम्हीं दोन वर्षें हेंच केलें होतें.

आतां टंचाईविषयीं. पूर्वीं शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायु असत व गळती झाली कीं घरांतील माणसांच्या जिवावर बेते. १९२८ सालीं अमेरिकेंत टॉमस मिड्ग्ले व त्याच्या सहकाऱ्यांनीं न जळणारे व विषारी नसणारे वायु शोधून काढले; तेच पुढें फ्रिऑन या नांवानें घरोघर गेले. १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हे वायु वर जाऊन ओझोनच्या थराचा नाश करतात. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा ऱ्हास प्रत्यक्ष मोजला गेला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियलचा करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला.

आर-२२ हा त्या वायूंचा सौम्य भाऊबंद. त्याची ओझोन नासण्याची शक्ति मूळ वायूंच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकी. म्हणून त्यास अधिक मुदत मिळाली. विकसनशील देशांसाठीं ठरलेलें वेळापत्रक असें : २०१३ सालीं वाढ थांबवावी, २०१५ पर्यंत शेंकडा १०, २०२० पर्यंत शेंकडा ३५ आणि २०२५ पर्यंत शेंकडा ६७.५ कपात करावी. २०३० सालीं तो बंद व्हावा, आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदीं अल्प वांटा २०४० पर्यंत राहावा. तात्पर्य, ही टंचाई अस्मानी नव्हे आणि सुलतानीहि नव्हे; जगानें विचार करून, तारखा आधीं जाहीर करून ती आणली आहे. जुन्या एसीच्या मालकास मात्र तिची वार्ता पहिल्यानें दुरुस्तीच्या बिलांतच कळते.

"मग नवा एसी घेतला कीं झालें," असें धाकट्या बंधूंनीं सुचविलें. त्यांतहि विचार करण्यासारखें आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ हा गॅस असतो. तो ओझोनला अपाय करीत नाहीं. पण हवेंत सुटला तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट ऊष्मा धरून ठेवतो. आर-२२ चा हाच आंकडा १,८०० च्या आसपास आहे. म्हणून २०१६ सालीं रुआंडांतील किगाली येथें या नव्या वायूंनाहि लगाम घालण्याचें ठरलें. भारतानें २०२१ सालीं त्यास मान्यता दिली. आपल्याकडे २०२८ सालीं वाढ थांबेल, २०३२ मध्यें शेंकडा १० व २०४७ पर्यंत शेंकडा ८५ कपात होईल. शिवाय या सर्व वायूंचें मूळ फ्लोरस्पार नांवाच्या खनिजांत आहे. गुजरातेंत आंबाडोंगर येथें तें सांपडतें, परंतु आपली बरीचशी गरज परदेशच्या मालावर भागते. त्या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून जें अम्ल निघतें, त्यापासून आपले गुजरात व राजस्थानांतील कारखाने गॅस बनवितात. चीननें २०२४ पासून कारखान्यांना उत्पादनाचे वांटे ठरवून दिले, तेव्हां तेथें आर-३२ चा भाव चढला. अमेरिकेंत २०२५ च्या उन्हाळ्यांत आर-४५४बी या नव्या गॅसची ओरड झाली. तेथें मुख्य अडचण तो भरावयाच्या सिलिंडरांची होती, आणि सिलिंडराअभावीं नवीं यंत्रें बसविण्याचें काम अडून राहिलें. मुरगुडच्या माडीवरील खोली अशी जगाच्या बाजाराला बांधली गेली आहे. नवें यंत्र घेतल्यानें हा बंध तुटत नाहीं.

टंचाई आली कीं तिच्या पाठोपाठ भेसळ येते. २०११ सालीं जहाजांवरील शीतपेट्यांत बनावट गॅस भरला गेल्यानें स्फोट होऊन तीन कामगार प्राणांस मुकले. घरगुती यंत्रांतहि "चालतो" म्हणून दुसरा गॅस घालण्याचा मोह होतो. पण आर-३२ व आर-४१०ए यांचा दाब आर-२२ पेक्षां पुष्कळ अधिक असतो व त्यांना तेलहि निराळें लागतें; जुनी नळी व जुना काँप्रेसर त्यासाठीं घडविलेले नसतात. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा उत्तम शीतवायु आहे, व त्यासाठींच बनविलेले एसी आपल्या देशांत २०१२ पासून विक्रीस आहेत. परंतु तो स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणेंच पेट घेतो. आर-२२ च्या यंत्रांत तो गुपचूप घालणें म्हणजे निजावयाच्या खोलींत विस्तव लपविणें होय. आमच्या पहिल्या माणसाच्या मनांत कोणता "दुसरा गॅस" होता, हें आम्हीं विचारलें. त्यास तें सांगतां आलें नाहीं.

शेवटीं एका आप्तांनीं आय्‌टीआय्‌मध्यें हाच विषय शिकलेला एक तरुण पाठविला. त्यानें प्रथम उरलासुरला गॅस रिकाम्या सिलिंडरांत काढून घेतला, नळींत नायट्रोजन दाबानें भरला आणि सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें. बाहेरच्या पेटीला नळी जेथें पितळी नटानें जोडली होती तेथें बारीक बुडबुडे उठूं लागले. घरांतील मुलें भोंवतीं जमलीं होतीं. त्यांना मौज वाटली, आणि आम्हांस दोन वर्षांच्या पैशांचा हिशेब लागला. त्यानें नळीचें टोक कापून नवें केलें, नट बदलला, नायट्रोजनचा दाब उतरत नाहीं याची तासभर खात्री केली, पंपानें आंतील हवा व दमटपणा काढला, आणि दोन दिवसांनीं कोल्हापुराहून आणलेला आर-२२ पेटीवरील पाटींत लिहिलेल्या वजनाइतकाच काट्यावर मोजून भरला. बिल साडेसहा हजार झालें. आंकडा ऐकून घरांतील वडीलधारीं माणसें कुरकुरलीं; पण आधींच्या दोन खेपांना मिळून पांच हजार सातशें गेले होते आणि त्यांतला एक रुपयाहि यंत्रांत टिकला नव्हता, हें कागदावर मांडून दाखवितांच सारीं गप्प झालीं.

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, "गॅस संपला" हें उत्तर ऐकून समाधान मानूं नये. आधीं जाळी धुवून पाहावी, बाहेरच्या पेटीवरील धूळ झटकून घ्यावी. पुष्कळदां हवा गार न येण्याचें कारण तेवढेंच असतें. गॅस खरोखरच कमी असेल तर गळती कोठें आहे हें विचारावें व ती बुजविल्यावांचून गॅस भरूं देऊं नये. सिलिंडरावरील नांव पेटीवरील नांवाशीं ताडून पाहावें. पंप लावला कीं नाहीं, गॅस वजनानें भरला कीं अंदाजानें, हें पाहण्यास घरांतील एका माणसानें उभें राहावें. बिऱ्हाड बदलतांना यंत्र काढावें लागलें, तर गॅस हवेंत न सोडतां बाहेरच्या पेटींत गोळा करून घेतां येतो. तसा आग्रह धरावा. एक किलो आर-२२ हवेंत सोडणें हें सुमारें १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखें आहे, हेंहि स्मरणांत असावें. तपासणी माघ-फाल्गुनांत करावी. वैशाखांत कारागिराला उसंत नसते आणि भावहि त्याच्या हातीं असतो. जुन्या यंत्राचा काँप्रेसरच गेला तर मात्र त्यावर आणखी खर्च न करणें शहाणपणाचें.

तिसऱ्या रात्रीं काकांचें अंथरूण पुन्हां माडीवर गेलें. यंत्र २६ अंशांवर ठेवून वर पंखा मंद लावला. २०२५ चा चैत्र आला, वैशाख गेला, वळवाच्या सरी पडल्या. गॅस भरणाऱ्यास बोलवावें लागलें नाहीं. काकांनीं एकदांच विचारलें, "यंदां तो गॅसवाला आला नाहीं वाटतें?" आम्हीं म्हटलें, "नाहीं. यंदां गॅस कोठें गेलाच नाहीं."