जागा घेण्यापूर्वी : भगिनींनी शिकावे कुठे आणि कुणासोबत?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलासाठी आपली सारी शक्ती पणाला लावली. स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा हा त्या बिलाचा एक प्रमुख हेतू होता. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे बिल रखडल्याचे दुःख हे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ साली वारसा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीची मालमत्ता ही तिच्या पूर्ण मालकीची असते.

कायदा आला, परंतु आपल्या घराच्या विक्रीपत्रावर बाईचे नाव आहे काय? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरी विचारावा. आम्ही विचारला तेव्हा आमचीच मान खाली गेली. विक्रीपत्र आमच्या एकट्याच्या नावे होते आणि बँकेच्या कर्जाच्या कागदांवर मात्र सौभाग्यवतींची सही होती. म्हणजे कर्ज दोघांचे आणि घर एकाचे! बँकेत नोकरी करूनही आमच्याकडून ही चूक झाली, म्हणून प्रस्तुत लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

सावनेर आता पूर्वीचे राहिलेले नाही. कोळसा खाणी आहेत, नागपूर सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, छिंदवाडा व बैतुलकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. तालुक्याचा काही भाग नागपूर महानगर क्षेत्रात गेला आहे. त्यामुळे रस्त्याच्या कडेला ले-आउटच्या पाट्या दिसू लागल्या. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, बचत गटातील भगिनी आपली जमापुंजी प्लॉटमध्ये घालू लागल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आमच्या काउंटरवर याची दुसरी बाजूही दिसते.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीने मुदत ठेव मोडली, दागिना गहाण ठेवला आणि प्लॉटचे पैसे भरले. हाती आले ते शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे इसारपत्र, हप्त्यांच्या पावत्या आणि एक रंगीत नकाशा. चार वर्षांनी कळले की जमीन अकृषक झालेलीच नाही आणि सातबाऱ्यावर मालक भलताच आहे. विकणारा परका नव्हता, नात्यातलाच होता. ती आम्हाला एवढेच म्हणाली, “भाऊ, विचारायचं कोणाला होतं?”

या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे आणि प्लॉट नंतर शोधावा, हेच आमचे सांगणे आहे.

सोबत कशी निवडावी?

पहिली कसोटी अशी की, सल्ला देणाऱ्याला आपल्या खरेदीतून काही मिळते काय? दलाल, ले-आउटचा माणूस, कमिशनवर गिऱ्हाईक आणणारी मैत्रीण यांचे ऐकावे, पण त्यांच्याकडून शिकू नये. दुसरी कसोटी म्हणजे तो कागद दाखवतो की फक्त भाव सांगतो? तिसरी कसोटी, तेथे बाईला प्रश्न विचारता येतो काय? “ताई, तुम्ही काळजी करू नका” एवढेच उत्तर जेथे मिळते, तेथे काळजी अवश्य करावी. माणूस आपल्या समाजाचा आहे, एवढ्यावर विसंबू नये.

सर्वांत चांगली सोबत भगिनींच्या स्वतःच्या गटाची. आपल्या गावोगावी बचत गट आहेत. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ अशा गटांबरोबर काम करते. गटाची बैठक केवळ हप्ता भरण्यापुरती का असावी? महिन्याला एक कागद घेऊन तो सर्वांनी मिळून वाचावा. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांच्यासोबत ग्रामीण महिलांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून त्यांचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्या बायका रडत बसल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांना जमले ते आपल्यालाही जमेल.

शिकण्याची साधने

१) तलाठी कार्यालय व महाभूलेख : सातबारा व फेरफार येथे पाहावेत. गावठाण व शहरातील जागेची आखीव पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

२) दुय्यम निबंधक कार्यालय : १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे जागेचे विक्रीपत्र नोंदवावेच लागते. इसारपत्राने मालकी मिळत नाही. ‘सूची क्रमांक दोन’ पाहिली की तीच जागा आधी कुणाला विकली आहे काय, ते कळते.

३) महारेरा : १ मे २०१७ पासून ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील नव्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. प्लॉटच्या ले-आउटलाही ती लागते. जाहिरातीत क्रमांक नसेल तर तेथेच थांबावे.

४) तालुका विधी सेवा समिती : १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. न्यायालयात जाऊन चौकशी करावी. हे फार थोड्या भगिनींना ठाऊक आहे.

५) बँक : कर्ज घ्यायचे नसले तरी या जागेवर कर्ज मिळेल काय, असे विचारावे. बँक वकिलाकडून साधारण तीस वर्षांचा शोध घेते. बँक नाही म्हणाली, तर कागदात काय उणे आहे ते शोधावे.

नाव आणि लाभ

१ एप्रिल २०२१ पासून राज्यात केवळ महिलेच्या नावे घर वा फ्लॅट घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. मोकळ्या प्लॉटला ती धरून चालू नये. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तिच्यात चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते, आणि विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. ज्यांचे घर आधीच पतीच्या नावे आहे, त्यांनी दोघांचे नाव लावण्याबाबत वकिलास विचारावे. सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मात्र विसरू नये.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मालमत्ता नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण झाल्याचे सांगितले. जमीन व घर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. आपल्या नावाचे छप्पर बाईला किती बळ देते, ते यावरून दिसते.

त्या भगिनीचे पैसे अजून परत आलेले नाहीत. पण तिच्या गटातील तिघींनी त्यानंतर जागा घेतली, ती तिला सोबत घेऊन. दुय्यम निबंधकाच्या खिडकीशी आता तीच पुढे उभी राहते आणि म्हणते, “आधी सूची दाखवा.” विद्यार्थिनींनी हे शिक्षण आजपासूनच सुरू करावे. आपल्या घराचा सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून आईसमोर ठेवावी आणि दोघींनी मिळून वाचावी. आमच्या घरी आम्ही हेच केले. नाव लावण्याचे काम आता सुरू आहे.