दुहेरी कण्याचा आर

इंग्रजी मोठ्या आरच्या उभ्या दांड्याला चिकटून दुसरी समांतर रेघ मारली, की गणितातले एक स्वतंत्र चिन्ह तयार होते. त्याचा अर्थ सर्व वास्तव संख्यांचा संच. शून्य, उणे पाच, दोनतृतीयांश, दोनचे वर्गमूळ, पाय, असे संख्यारेषेवरचे सगळे काही त्या एका अक्षरात मावते.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत नववीच्या गणितात संच आणि वास्तव संख्या शिकवतात, तेव्हा हे अक्षर साध्या आरच्या रूपात भेटते. बालभारतीच्या पुस्तकांत नैसर्गिक संख्यांना एन, पूर्णांकांना आय, परिमेय संख्यांना क्यू अशी साधी अक्षरे असतात. तिथला विद्यार्थी पुढे बी.एस्सी.ला गेला, की फळ्यावर दुहेरी रेघांची अक्षरे दिसू लागतात आणि आयच्या जागी झेड येतो. हा झेड ‘संख्या’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे.

दुसरी रेघ आली ती खडूच्या मर्यादेमुळे. छापील पुस्तकांत संख्यासंच ठळक टाइपात छापत. फळ्यावर ठळक अक्षर काढायचे, तर खडू पुन्हापुन्हा घासावा लागतो, आणि मागच्या बाकावरून साधे अक्षर कोणते, ठळक कोणते हे तरीही कळत नाही. एक रेघ जोडली की काम भागते. आरला ती दांड्यापाशी मिळते, झेडला तिरप्या रेघेपाशी, क्यूला डाव्या कमानीच्या आत. विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेली ही फळ्यावरची सोय साठच्या दशकात छापील पुस्तकांतही आली. ठळक अक्षराची जागा भरायला आलेले रूप अशा रीतीने स्वतःच प्रमाण बनले.

संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. युनिकोडमध्ये साध्या आरचा ८२, देवनागरी ‘र’चा २३५२, तर दुहेरी आरचा ८४७७. म्हणजे संगणकाच्या लेखी हा आर वेगळ्या वळणाने लिहिलेला साधा आर नव्हे, वेगळे चिन्हच आहे. २००१ मध्ये गणिती अक्षरांचा मोठा विभाग युनिकोडमध्ये आला, तेव्हा दुहेरी ‘ए’ला १२०१२० हा क्रमांक मिळाला. त्या ओळीत आरची जागा १२०१३७ वर येते, पण ती रिकामी आहे. सी, एच, एन, पी, क्यू, आर आणि झेड ही सात अक्षरे आधीच दाखल झालेली होती, म्हणून त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या गेल्या.

ही अक्षरे आज समाजमाध्यमांवरच्या नावांतही दिसतात. ‘फॅन्सी फॉन्ट’ म्हणून जे मिळते ते बहुधा फॉन्ट नसतेच. गणिती चिन्हे उचलून त्यांतून नाव बनवलेले असते. दिसायला ते देखणे असते, पण शोधयंत्राने त्यांचे साध्या अक्षरात रूपांतर केले नाही, तर ते नाव शोधून सापडत नाही. दृष्टिहीन वाचकाचे नुकसान तर फार मोठे. त्याच्यासाठी मजकूर वाचणारे सॉफ्टवेअर नावाऐवजी ‘दुहेरी रेघेचा मोठा आर’ असे एकेका अक्षराचे वर्णन ऐकवते, किंवा ते अक्षर गाळूनच टाकते. नटवलेल्या नावासाठी ही किंमत मोजू नये. सूत्रात मात्र हेच वर्णन त्या वाचकाच्या उपयोगाचे असते, कारण तिथे दुसऱ्या रेघेला अर्थ असतो.

मराठी नावाला हा साज चढत नाही. युनिकोडच्या गणिती विभागांत रोमन आणि ग्रीक अक्षरे आहेत. २०१२ मध्ये अरबी गणिती अक्षरेही आली, त्यांत दुहेरी रेघांचीसुद्धा आहेत. देवनागरीचा असा विभाग नाही. अक्षराला गणिती चिन्ह मानण्याची रीत मात्र इथे जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’मधला ‘या’, पुढच्यांना ‘कालक’मधला ‘का’, ‘नीलक’मधला ‘नी’ अशी अक्षरे आहेत. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतली समीकरणेही देवनागरी अक्षरांवर चालत. आता मराठी माध्यमातही सूत्रे रोमन अक्षरांत लिहितात, आणि वास्तव संख्यांचा संच आरनेच दाखवतात.